येतो

कॅम्पात, बेकरीच्या मागच्या बोळात
दोन खोल्या नि एक पडवी.
भाडं सात रुपये, तिघींत मिळून.
आई आणि मी,
गोकाकाकडची निंगव्वा,
आणि पास्कू मावशी, जिच्या मशीनवर
पलटणीच्या खाकी चड्ड्यांना दिवसभर काज-बटणं होत.

पुरुष एकही नव्हता.
पण बोळातून जाणाऱ्याला वाटावं,
घर त्यांनीच भरलंय.
"मी पाणी आणतो," आई म्हणायची.
"मी भाकरी थापतो," निंगव्वा.
आमच्याकडे बाईही अशीच बोलते,
पुण्याकडचे पाहुणे हसतात.
त्या वर्षी मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

घराचा नियम एकच:
जातो म्हणायचं नाही, येतो म्हणायचं.
बाबा येतो म्हणून गेले.
निंगव्वाचा पोरगा खेचरांच्या कंपनीत, तोही.
एकटी पास्कू मावशी "वयतां" म्हणायची,
जाते, सरळ.
तिचा कायतान बोटीवरचा कुक.
मुरगावच्या धक्क्यावर तो "येतां" म्हणाला होता,
त्याला अडीच वर्षं झाली.

चव्वेचाळीसचा डिसेंबर.
रॉकेलला रांग, साखर कार्डावर.
तीन कार्डांची साखर एका डब्यात,
डब्याची किल्ली मावशीकडे, कारण नाताळ तिचा
आणि दिवाळीत तिनं तिचा वाटा आम्हाला दिला होता.
निंगव्वानं तरी अच्छेरावरून भांडण काढलं.
दोन दिवस चुली वेगळ्या पेटल्या.
तिसऱ्या दिवशी लाकडंच पुरली नाहीत.

आकाशकंदील दिवाळीचाच.
फाटला होता तिथं आईनं
बाबांच्या जुन्या पत्राचा लिफाफा चिकटवला.
आत दिवा ठेवला की
तपासणीचा शिक्का उलटा उजळायचा.

नवं पत्र चोवीस तारखेला आलं, नेवऱ्या लाटताना.
आईचे हात पिठाचे, म्हणून मी वाचलं.
इटली एवढंच कळत होतं,
गावाच्या नावाच्या जागी कात्रीनं कापलेलं चौकोनी भोक.
"थंडी हाडात शिरते.
एका घरात उतरलोय. चार बायका, बाप्या कुणी नाही.
भाषा कळत नाही.
म्हातारीनं काल कडबूसारखं काहीतरी उकडून
आम्हाला वाढलं, तिच्या पोरींना पुरलं नसणार.
मी तिची लाकडं फोडून दिली.
रोज दाराशी येऊन ती मला एक नाव विचारते.
मी मान हलवतो.
कशी हलवली म्हणजे बरं, ते समजत नाही."

लाटणं थांबलं.
मावशीनं पत्र मागितलं. वाचलं नाही,
ते भोक डोळ्याला लावलं.
बराच वेळ.
"काय दिसतंय?" मी विचारलं.
"निंगव्वा," ती म्हणाली,
"नाकाला पीठ लागलंय तिच्या."
मग तिघी अशा हसल्या
की कढईतल्या दोन नेवऱ्या करपल्या.
त्या निंगव्वानं खाल्ल्या. साखर टाकवत नाही म्हणाली.

रात्री इगर्जेची पहिली घंटा झाली.
मावशीनं ट्रंकेतला निळा झगा काढला.
काळा, की रंगीत,
अडीच वर्षं ती या प्रश्नाला बगल देऊन
शिवणाचा तपकिरी घालत होती.
निंगव्वा कंदील घेऊन पुढं झाली,
सोबतीला, आत मात्र येणार नाही असं बजावत.
तिच्या पदराखाली चार नेवऱ्या होत्या,
देवाला की पाद्रीबाबाला, कुणास ठाऊक.

उंबऱ्यात मावशी थांबली.
शाल सारखी केली. पुन्हा सारखी केली.
आणि आमच्यासारखं, आमच्या बोलीत, पहिल्यांदाच
म्हणाली, "येतो."

आईनं मान वर केली नाही.
"ये," म्हणाली,
आणि कडी न लावता
उरलेलं पीठ मळत राहिली.